धुऱ्यावरच्या केसाळ अळ्या आणि गाजर गवत: एका शेतातलं प्रकरण

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी काकांचा फोन आला. आवाजातला आनंद लपत नव्हता. "ताई, ते भुंगे लागू पडले बरं का! धुऱ्यावरचं गाजर गवत खाऊन पार काड्या केल्यात. आवंदा खुरपायचं कामच नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे आणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सोडले होते. सोडा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते, त्यामुळे मलाही बरं वाटलं. तरी म्हटलं, एक फोटो पाठवा. फोटोत भुंगा नव्हताच. गाजर गवताच्या दांड्यावर तपकिरी, दाट केसांची, बोटाच्या दोन पेरांएवढी अळी बसली होती. "काका, हे आपले भुंगे नाहीत," एवढं फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात पोहोचले. पण त्याच फोनवर मी आणखी एक वाक्य बोलून गेले होते, "धुरा मात्र साफ करायला घ्या." त्या वाक्याची किंमत पुढे मोजावी लागली.

रान चार एकर, काळं, ओढ्याच्या कडेचं. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक. पीक पस्तीस दिवसांचं, फुलावर यायचं होतं. शेजारच्या रानाशी लागून सहा-सात फूट रुंदीचा धुरा आहे. कित्येक वर्षांत त्यावर कुदळ पडलेली नाही आणि पावसाळ्यात तो गाजर गवताने गच्च भरतो. काही झाडं कमरेएवढी होऊन पांढऱ्या फुलांवर आलेली, काहींची पानं अजून जमिनीलगत पसरलेली. मध्ये दोन एरंड आणि एक बोरीचं झुडूप. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पुढचं सारं प्रकरण या पट्ट्यात आणि त्याला चिकटून असलेल्या सोयाबीनच्या पहिल्या दहा-बारा तासांमध्ये, म्हणजे पेरणीच्या ओळींमध्ये, घडलं.

अळी ओळखायला वेळ लागला नाही. अंग पिवळसर, पुढचा आणि मागचा भाग काळपट, अंगभर केसांचे झुबके. ही बिहारी केसाळ अळी, शास्त्रीय नाव स्पायलोसोमा ऑब्लिका. नव्या पुस्तकांत स्पायलार्क्टिया ऑब्लिका असंही सापडतं. नावात बिहार असला तरी भारतात ती बहुतेक ठिकाणी आहे, महाराष्ट्रातल्या सोयाबीनवाल्यांना तर पाठ आहे. तिचा पतंग फिकट बदामी रंगाचा, पंखांवर बारीक काळे ठिपके, पोट वरच्या बाजूने लालभडक. अळी इथलीच, शेकडो पिढ्यांपासून या मातीत कोष करणारी. गाजर गवत मात्र अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं, मेक्सिकोच्या आखाताभोवतीचं. आपल्याकडे त्याची ठळक नोंद झाली 1955 साली, पुण्यात. अमेरिकेच्या पीएल-480 या धान्य-मदतीच्या योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं असं घरोघरी सांगतात, 'काँग्रेस गवत' हे नावही त्याच काळातलं. पण त्या योजनेचा भारताशी पहिला करार झाला 1956 साली, आणि गवत त्याआधीच पुण्यात उभं होतं. ते कुठल्याही वाटेने आलं असो, इथल्या किड्यांना त्याची ओळख फार जुनी नाही.

म्हणूनच ही अळी त्यावर दिसते तेव्हा कुतूहल वाटतं. देशी किडा परक्या तणावर बसला की आपल्या मनात लगेच एक गोष्ट तयार होते, की निसर्गाने तोड काढली. काकांच्या मनात तीच गोष्ट होती. खरं सांगायचं तर धुऱ्यावर पाय ठेवेपर्यंत माझ्याही मनात ती अर्धीमुर्धी होतीच.

पहिला प्रश्न होता, या अळ्या गाजर गवतावरच जन्मल्यात की दुसरीकडून चालत आल्यात? मोठी केसाळ अळी भराभर चालते. ती एखाद्या झाडावर बसलेली दिसली म्हणजे ते झाड तिचं खाद्य असेलच असं नाही, वाटेतला मुक्कामही असू शकतो. म्हणून मोठ्या अळ्या सोडून आधी पानांच्या खालच्या बाजू पाहिल्या. मादी पतंग पानाच्या मागे शेकड्याने अंडी घालते, एका पुंजक्यात, फिकट हिरवट मण्यांसारखी. पिल्लं बाहेर पडली की पहिले काही दिवस पांगत नाहीत. एकाच पानावर दाटीने बसून हिरवा गर खरवडतात आणि पान जाळीसारखं, कागदी होतं. पुढे दोन-तीनदा कात टाकल्यावर मात्र ज्याची त्याची वाट वेगळी. गाजर गवताचं पान मुळातच कोथिंबिरीसारखं कातरलेलं, त्यावर ही जाळी पटकन ओळखू येत नाही. पण शोधल्यावर सापडली. ठिकठिकाणी अंड्यांची टरफलं होती, काही पानांवर अजून न फुटलेले पुंजके होते, दाटीने बसलेली पिल्लं होती. एरंडाच्या पानांवरही तेच. म्हणजे अळ्या गाजर गवतावरच जन्मल्या होत्या आणि तेच खाऊन वाढत होत्या. काकांचं निरीक्षण खरं होतं. चुकत होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

कारण दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता, खाल्लेल्या झाडाचं पुढे काय होतंय? ज्या झाडांना काका 'काड्या' म्हणत होते ती मी एकेक करून वाकवून पाहिली. दांडा हिरवा आणि रसरशीत. पानांच्या बेचक्यातले डोळे शाबूत. फुलोऱ्याला अळ्यांनी जवळजवळ तोंडच लावलं नव्हतं. पानं जाऊनही झाडं फुलत होती, आणि गाजर गवताचं एक चांगलं वाढलेलं झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं. बी इतकं हलकं की वारा, ओढ्याचं पाणी, बैलाचे खूर, ट्रॅक्टरचं चाक, कशाबरोबरही निघतं. पानांची चाळणी झालेलं झाड डोळ्यांना मेलेलं दिसतं, पण बियांचा हिशोब त्याने फारसा बदलत नाही.

मेक्सिकन भुंग्याची गोष्ट इथेच वेगळी पडते. तो, म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, 1983 साली मेक्सिकोहून बंगळुरूला आणला, चाचण्या केल्या आणि 1984 मध्ये सोडला. भुंगा मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, डाळीच्या दाण्याएवढा. त्याची अळी पिवळसर आणि बिनकेसांची. ही अळी लहान असताना थेट शेंड्यात आणि बेचक्यातल्या डोळ्यांत शिरते आणि वाढीचं टोकच खाते. शेंडा गेला की फूल लांबतं किंवा येतच नाही. केसाळ अळी शेंडा सोडून ताट चाटते, भुंग्याची अळी चुलीवरच घाव घालते. भुंग्यालाही मर्यादा आहेत. पावसाळा सरला की तो जमिनीत जाऊन झोपतो, आणि गाजर गवत तर ओल मिळेल तिथे बाराही महिने उगवतं. तरी खायच्या जागेचा हा फरक शेतकऱ्याला दाखवला तर लगेच पटतो. काकांनाही दांडा हातात दिल्यावर पटला.

त्यांचं पुढचं म्हणणं मात्र सहज खोडता येण्यासारखं नव्हतं. "शेंडा न्हाई खात, पण पानं तर खातंय ना? तेवढा तरी जोर कमी होतोय. मग खाऊ द्या की." मजुरीचा प्रश्न होता. त्याहून मोठा म्हणजे गाजर गवत उपटायला बाया तयार नव्हत्या. गेल्या वर्षी काकूंच्या मानेवर, पापण्यांवर आणि कोपरांच्या लवणात लाल चट्टे उठले होते, दर पावसाळ्यात ते वाढत चालले होते. घरात सगळ्यांची समजूत अशी की हे केसाळ अळीमुळे होतं. अळीच्या केसांनी खाज सुटते हे खरं, पण ती केस लागले तिथेच, आणि दोन-चार दिवसांत बसते. पापण्या, मान, कोपराची घडी अशा जागी उठणारा आणि वर्षागणिक बळावणारा त्रास हा गाजर गवताचा. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य त्याला कारण. वाळलेल्या झाडाची भुकटी आणि बारीक केस हवेतूनही अंगावर बसतात, त्यामुळे न उपटताही त्रास होतो. काकूंना त्वचेच्या डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं, आणि या धुऱ्यावर त्यांनी पुन्हा हात घालायचा नाही हेही. दोन्ही खाजा एक समजल्यामुळे त्या इतकी वर्षं अळीपासून जपत होत्या आणि गवत मात्र उघड्या हाताने उपटत होत्या. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हळहळ याची वाटली.

तिसरा प्रश्न, अळीला यापेक्षा चांगलं काही मिळालं तर? बिहारी केसाळ अळीला काही वर्ज्य नाही. सोयाबीन, मूग, उडीद, तूर, भुईमूग, सूर्यफूल, तीळ, एरंड, भाजीपाला, सगळं ती खाते. धुऱ्यावरच्या मध्यम वयाच्या काही अळ्या घेऊन दोन बरण्यांत ठेवल्या. एकीत फक्त गाजर गवत, दुसरीत गाजर गवत आणि सोयाबीनची पानं. पहिल्या बरणीतल्या अळ्या गाजर गवत खात राहिल्या, कुरकुर न करता. दुसरीत रात्रीतून सोयाबीनच्या फक्त शिरा उरल्या आणि गाजर गवताला दोन-चार ठिकाणी दात लागलेले. दोन बरण्यांवरून शास्त्र होत नाही हे मला कळतं, पण काकांच्या ओसरीवर ठेवलेल्या त्या बरण्यांनी माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त काम केलं. काकांनी झाकण उघडून पाहिलं आणि गप्प झाले.

तोवर सोयाबीनचं नुकसान किरकोळ होतं. धुऱ्यालगतच्या पहिल्या दोन तासांत पाच-सात ठिकाणी कागदी पानं, आत काहीच नाही. मी ठरवलं होतं की दोन दिवसांनी येऊन पुढचा क्रम नीट सांगायचा. पण माझं फोनवरचं वाक्य आधीच कामाला लागलं होतं. काकांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी ब्रश कटर आणला आणि ओढ्याकडून सुरुवात करून निम्मा धुरा सपाट केला. मग पेट्रोल संपलं आणि पाऊस आला, म्हणून उरलेला निम्मा तसाच राहिला.

कापलेलं गवत संध्याकाळपर्यंत कोमेजलं. सकाळी काकांचा फोन आला तेव्हा आवाजातला आनंद गेला होता. ज्या बाजूला धुरा कापला होता तिथून अळ्या सोयाबीनमध्ये आठ-दहा तासांपर्यंत शिरल्या होत्या. न कापलेल्या बाजूला पहिल्या दोन तासांपलीकडे काही नव्हतं. एकाच धुऱ्याचे दोन भाग, तीच अळी, तेच पीक. फरक एवढाच की एकीकडे ताट काढून घेतलं होतं. ठरवून केली असती तरी इतकी स्वच्छ तुलना जमली नसती. चूक मुलाची नव्हती. धुरा साफ करा म्हणताना आधी अळ्या, मग गवत हे मी सांगायला हवं होतं.

मग जे केलं ते जुनंच. कापलेल्या बाजूला, अळ्या पोहोचल्या होत्या त्याच्या पुढच्या तासाशी, वीतभर खोल चर काढला, आतल्या बाजूची भिंत उभी ठेवून. काळी माती ओली असल्याने भिंत टिकली. चालत्या अळ्या चरात पडायच्या, त्या सकाळ-संध्याकाळ चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्याच्या बादलीत. तासांमध्ये जिथे कागदी पानं दिसतील तिथे अख्खं पानच खुडून बादलीत, कारण एका पानाबरोबर शंभरावर पिल्लं जातात. हे काम पहिल्या आठवड्यातच करायचं असतं. पिल्लं पांगली की मग तेच शंभर झाडांवर शोधावं लागतं. काका, मुलगा आणि मी, चार सकाळी आम्ही हेच केलं.

गावातून सल्ले येत होतेच, फवारा मारून मोकळे व्हा. मी नको म्हटलं, आणि त्या निर्णयावर आजही ठाम आहे. सोयाबीन फुलावर यायच्या आधी थोडी पानं गेली तर नवी फुटून भरपाई करतं; तेच शेंगा भरताना झालं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं. अळ्या एका कडेलाच होत्या. शिवाय काही अळ्यांजवळ पांढऱ्या इवल्या कोषांचे झुपके दिसत होते. गांधीलमाशीच्या जातीचे बारीक परजीवी किडे अळीच्या पोटात वाढून बाहेर पडतात, त्यांचे ते कोष. सरसकट फवाऱ्यात ते आधी मेले असते. तोडगा असा काढला की अळ्या जिथवर पोहोचल्यात त्या तासांना काड्या रोवायच्या, दर दोन दिवसांनी पाहायचं आणि अळ्या काड्यांच्या पुढे गेल्या तरच फवारणीचा विचार करायचा. त्या पुढे गेल्या नाहीत. पुढच्या झडीच्या पावसात काही अळ्या मऊ, काळपट होऊन शेंड्याला डोकं खाली करून लटकलेल्या सापडल्या. हा अळ्यांमध्ये पसरणारा विषाणू, माणसाला किंवा जनावराला त्याचा धोका नाही. त्या अळ्या मुद्दाम जागेवर राहू दिल्या. त्या फुटल्या की पानांवर विषाणू सांडतो आणि पुढच्या अळ्या तो खातात.

न कापलेल्या निम्म्या धुऱ्यावर क्रम उलटा ठेवला. आधी अंडीपुंज आणि पिल्लांची पानं वेचली, मोठ्या अळ्या उचलल्या, तीन दिवस वाट पाहिली आणि मग पावसानंतर माती सैल असताना गाजर गवत मुळासकट उपटलं. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. फुलावर न आलेली झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात, फुललेली वेगळ्या खोल खड्ड्यात मातीखाली. हा भाग लवकर सांगून झाला, पण हाताने करायला दोन पूर्ण दिवस लागले.

काकांनी मध्येच विचारलेला एक प्रश्न मनात घर करून राहिला. "मग हे तुमचे भुंगे तरी सोयाबीन खाणार नाहीत कशावरून?" प्रश्न रास्त आहे आणि तो याआधी देशपातळीवर विचारला गेलेला आहे. भुंगा सोडल्यावर काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला. मोठा गदारोळ झाला, चौकशी समिती बसली. पुढच्या अभ्यासात दिसलं की गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि त्यांच्या वासाने भुंगे ती पानं कुरतडत होते. सूर्यफुलावर त्यांचा संसार चालत नव्हता. परक्या देशातून किडा आणताना त्याला आधी डझनावारी पिकांसमोर उपाशी ठेवून पाहतात, ते याचसाठी. देशी अळीची अशी परीक्षा कुणी घेत नाही, कारण ती आधीपासून इथेच असते. 'देशी' म्हटलं की आपण आपोआप विश्वास टाकतो. पण या प्रकरणात परका भुंगा एका झाडापुरता होता आणि देशी अळी सगळ्या शिवाराची.

गाजर गवताकडे मी आता थोडं वेगळ्या नजरेने पाहते. ते नुसतं जागा अडवणारं तण राहिलेलं नाही, दुसऱ्यांच्या संकटांना आसरा देणारं घर झालंय. कपाशीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा तो धुऱ्यावरच्या गाजर गवतावरही पांढरा थर करून बसलेला दिसायचा. सूर्यफुलाच्या नेक्रोसिस रोगाचा विषाणू तर गाजर गवतात लक्षणाशिवाय राहतो आणि त्याच्या परागांबरोबर, फुलकिड्यांच्या मदतीने, पिकावर जातो. केसाळ अळी त्या घरातली आणखी एक भाडेकरू. पेरणीनंतर पीक दोन पानांवर असतं तेव्हा धुऱ्यावरचं गाजर गवत पानांनी भरलेलं असतं. पतंगाच्या मादीला अंडी घालायला जागा हवी असते, ती तिथे मिळते, आणि पिल्लं मोठी होईस्तोवर शेजारी सोयाबीनही मोठं झालेलं असतं.

सप्टेंबरच्या मध्याला पुन्हा गेले. ब्रश कटरने कापलेल्या बाजूला बुंध्यांतून नवे फुटवे येऊन गाजर गवत गुडघ्याएवढं झालं होतं, आणि त्या उंचीवरच फुललं होतं. उपटलेल्या बाजूला बियांपासून उगवलेली लहान रोपं होती, त्यांना काका येता-जाता खुरप्याने काढत होते. ओढ्याकाठचा तरोटा शेंगांवर आला होता. त्याचं बी धरून ठेवून पुढच्या वर्षी पावसाआधी धुऱ्यावर फेकायचं ठरलं, कारण तरोट्याची दाट गर्दी झाली की गाजर गवताला डोकं वर काढणं जड जातं. कापून टाकलेल्या गवताच्या ढिगाखाली हात घातला तर केसांनी विणलेले तपकिरी कोष सापडले, काही रिकामे, काही भरलेले.

निघताना काकांनी खिशातून काडीपेटी काढली. रात्री ओसरीवरच्या दिव्याला आलेला एक पतंग त्यांनी त्यात धरून ठेवला होता. अलगद पंख बाजूला करून लाल पोट दाखवलं आणि विचारलं, "ताई, हीच ना ती?" मी हो म्हटलं. "मग चला," ते म्हणाले, "एरंडाच्या पानामागं कालच एक पुंजका बघून ठेवलाय."